‘डोल’चे मराठी करताना: मदत, अनुदान, भत्ता की खैरात?

यवतमाळ जिल्ह्यातील एका स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या संस्थेच्या कामाचे मूल्यमापन बाहेरच्या एका अभ्यासकाकडून करून घेण्यात आले, अहवाल इंग्रजीत आला आणि त्यात ‘डोल’ हा शब्द तीन ठिकाणी आहे. पहिल्या ठिकाणी पूरग्रस्त कुटुंबांना ‘कॅश डोल’ वाटल्याची नोंद आहे. दुसऱ्या ठिकाणी, या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबे आता ‘डोल’वर विसंबून राहू लागली आहेत, असे विधान आहे. तिसऱ्या ठिकाणी, निवडणुकीच्या तोंडावर सरकारने योजना ‘डोल आउट’ केल्या, असे म्हटले आहे. शब्दकोशात त्यांना भीक, भिक्षा, दान, वाटणी, बेकारभत्ता असे अर्थ सापडले. अहवालाचा मराठी अनुवाद ग्रामसभेत वाचून दाखवायचा असल्यामुळे यातला कोणता शब्द घ्यावा, हे त्यांना ठरवता येत नाही.

ताई, आपली अडचण शब्दकोशाने सुटण्यासारखी नाही, कारण कोशातले सगळेच अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण अशी आहे की, घेणाऱ्याने त्या वेळी मोबदल्यात काही न देता त्याच्या हातात पडलेली कोणतीही वस्तू किंवा रक्कम इंग्रजीतल्या या एका शब्दात बसते, आणि मराठीत मात्र देणारा व घेणारा यांचे नाते बदलले की शब्द बदलतो. भिक्षुकाला दक्षिणा मिळते, जोगतिणीला जोगवा मिळतो, माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला अन्न मिळते, पूरग्रस्ताला मदत मिळते, पीक बुडालेल्याला अनुदान मिळते आणि दाराशी आलेल्या भिकाऱ्याला भीक मिळते. म्हणून मी या शब्दापाशी आलो की आधी तीन गोष्टी पाहतो: पैसा किंवा धान्य कोणत्या नात्याने आले, वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, आणि अनुवाद कोण ऐकणार आहे. वर्धा आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतील संस्थांचे आणि कार्यालयांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवावरून पुढचे लिहितो. मूळ अहवाल माझ्यासमोर नाही. त्यामुळे आपल्या दुसऱ्या वाक्याचा निर्णय शेवटी आपल्यालाच, आणि शक्यतो लेखकाला विचारून घ्यावा लागेल.

शब्दाचा थोडा इतिहास सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘वाटा’ किंवा ‘हिस्सा’ असा होता, आणि पत्ते वाटण्यासाठी किंवा व्यवहारासाठी इंग्रजीत जो ‘डील’ शब्द वापरतात तो याच कुळातला आहे. मध्ययुगात त्याला दानधर्माचा अर्थ चिकटला. श्रीमंत माणूस वारला की त्याच्या अंत्यविधीला गोरगरिबांना भाकरी किंवा नाणी वाटत, आणि त्यांनी मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी अशी अपेक्षा असे. या वाटपाला ‘डोल’ म्हणत. इंग्लंडमध्ये विंचेस्टर येथे बाराव्या शतकात स्थापन झालेल्या सेंट क्रॉस या धर्मशाळेत, मागेल त्या वाटसरूला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर देण्याची ‘वाटसरूंचा डोल’ नावाची प्रथा आजही चालू आहे. त्याच हॅम्पशायर परगण्यातील टिचबोर्न गावात दरवर्षी २५ मार्चला पीठ वाटले जाते, त्यालाही ‘डोल’च म्हणतात. या जुन्या अर्थात अपमानाचा वास नाही. घेणारा गावचा, देणारा गावचा आणि दिवस ठरलेला, असा तो मामला आहे.

अपमान आत शिरला तो विसाव्या शतकात, आणि तोही अन्याय्य रीतीने. ब्रिटनमध्ये १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही उद्योगांतील कामगारांना बेकारीचा विमा मिळाला. कामगाराच्या पगारातून हप्ता कापला जाई, मालक आणि सरकार आपापला वाटा भरत, आणि काम सुटल्यास आठवड्याला ७ शिलिंग मिळत. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१८च्या नोव्हेंबरात, परतलेल्या सैनिकांसाठी आणि काम सुटलेल्या इतरांसाठी सरकारने हप्ता न भरता मिळणारी तात्पुरती मदतही सुरू केली. या सगळ्या प्रकारांना मिळून बोलीभाषेत आणि वर्तमानपत्रांत ‘द डोल’ हे एकच नाव पडले. ज्याने हप्ते भरले होते त्याचा हक्काचा पैसा आणि ज्याने भरले नव्हते त्याला मिळालेली मदत यांतला फरक त्या नावाने पुसून टाकला, आणि हप्ते भरणारा कामगारही ‘डोल’वर जगणारा ठरला. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण आपल्या अहवालातही नेमके हेच झाले असावे अशी मला शंका आहे.

वापराच्या दृष्टीने इतके पुरे की, ‘द’ लावून ‘द डोल’ असे आले आणि संदर्भ ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियाचा असला, तर तो बेकारभत्ता असतो. ‘ऑन द डोल’ म्हणजे बेकारभत्त्यावर असणे. अमेरिकेत या अर्थाने दुसरे शब्द चालतात. ‘द’ नसताना, किंवा ‘डोल्स’ असे अनेकवचन आले असताना, ती फुटकळ मदत किंवा वाटप असते, आणि भारतातल्या इंग्रजीत बहुतेक वेळा हाच अर्थ असतो. ‘डोल आउट’ हे क्रियापद वाटण्याचे आहे, थोडेथोडे किंवा सढळ हाताने, आणि ते केवळ पैशापुरते नाही; सल्ला, शिक्षा, बढत्या असे काहीही ‘डोल आउट’ करता येते. रोमच्या इतिहासात ‘ग्रेन डोल’ भेटतो तो रोमच्या नागरिकांना सरकारी गोदामांतून मिळणारे धान्य होय. ते आधी इ.स.पू. १२३पासून स्वस्तात मिळे आणि इ.स.पू. ५८पासून मोफत मिळू लागले, त्यामुळे तेथे ‘धान्यवाटप’ हाच शब्द योग्य. ‘डोलफुल’ म्हणजे खिन्न आणि ‘कंडोलन्स’ म्हणजे शोकसंदेश यांचा मात्र आपल्या ‘डोल’शी काही संबंध नाही. ते दुःख या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहेत. परीक्षार्थी विद्यार्थी हा घोळ हमखास करतात म्हणून सांगितले.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे येतो. ‘कॅश डोल’ हा शब्द भारतीय सरकारी इंग्रजीत निंदाव्यंजक नाही. त्याचे मूळ ब्रिटिशकालीन दुष्काळी कारभारात आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला आणि त्यावरून प्रांतोप्रांती नियम तयार झाले. त्यांचे सूत्र असे होते की, धडधाकट माणसाला रस्त्याच्या, तलावाच्या, खडी फोडण्याच्या कामावर घेऊन मजुरी द्यावी. आणि म्हातारे, आजारी, अपंग, ज्यांच्याकडे पाहणारे कोणी नाही अशा माणसांना काम न घेता धान्य किंवा रोख द्यावी. या दुसऱ्या प्रकाराला ‘ग्रॅच्युइटस रिलीफ’ म्हणत, आणि त्यातून माणशी जे दिले जाई त्याला ‘डोल’. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १८९९–१९००चा दुष्काळ पडला तेव्हा कारभार याच चौकटीत चालला होता. आजच्या आपत्ती निवारणाच्या निकषांतही ‘ग्रॅच्युइटस रिलीफ’ हे शीर्षक टिकून आहे. जाता जाता एक सूचना: त्याचा अनुवाद ‘उपदान’ असा केलेला मी पाहिला आहे. उपदान म्हणजे निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारी ग्रॅच्युइटी. पुरात घर वाहून गेलेल्या माणसाला उपदान मिळत नसते.

तेव्हा जुलै २०२३मध्ये यवतमाळ जिल्ह्यात आला तसा पूर आला, घरांत पाणी शिरले, तलाठ्याने पंचनामा केला आणि तहसीलमार्फत कुटुंबाच्या खात्यात रक्कम आली, तर ‘कॅश डोल’साठी ‘रोख मदत’ किंवा शासकीय कागदात ‘सानुग्रह अनुदान’ लिहावे. ‘सानुग्रह’ हा शब्द लॅटिनमधून आलेल्या ‘एक्स ग्रेशिया’चा सरळ मराठी अवतार आहे, म्हणजे देणे बंधनकारक नसताना कृपा म्हणून दिलेले. गावात हा शब्द बोलला जात नाही, परंतु तहसीलच्या कागदामुळे तो ओळखीचा असतो. ग्रामसभेसाठी ‘तातडीची रोख मदत’ सर्वांत उत्तम, कारण ती कशासाठी होती आणि कधी मिळाली हे दोन्ही त्यात येते. पैसे संस्थेनेच वाटले असतील तर ‘अनुदान’ शब्द टाळावा, कारण आपल्याकडे अनुदान म्हटले की लोक सरकारी समजतात आणि मग ज्यांना मिळाले नाही ते तलाठ्याकडे विचारणा करायला जातात. संस्थेच्या बाबतीत ‘संस्थेने रोख मदत दिली’ असे कर्त्यासह लिहावे.

खरा पेच दुसऱ्या वाक्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे जास्त थांबतो. ‘या भागातील शेतकरी कुटुंबे डोलवर विसंबून राहू लागली आहेत.’ येथे ‘डोल’ म्हणजे नेमके काय, हे लेखकाने सांगितले नसेल तर अनुवादकाने ते शोधल्याशिवाय एक अक्षरही लिहू नये. आपल्या भागातील एखाद्या कोरडवाहू कुटुंबाच्या बँक पासबुकाची मागची पाने उघडून पाहिली की माझे म्हणणे लक्षात येईल. रोजगार हमीची मजुरी त्यात असते. पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते असतात, आणि २०२३पासून राज्याच्या नमो योजनेचे तितकेच आणखी. पीक विम्याची रक्कम एखाद्या वर्षी असते, एखाद्या वर्षी नसते. अतिवृष्टीचे अनुदान असते. जुन्या पासबुकात २०१७च्या हंगामातील बोंडअळीचे पैसेही सापडतात. घरात वृद्ध किंवा विधवा बाई असेल तर श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा पैसे असतात. केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबाला धान्याऐवजी थेट रोख देण्याचा निर्णय राज्याने २०२३मध्ये घेतला. तो अमरावती विभाग, तेव्हाचा औरंगाबाद विभाग आणि वर्धा असे मिळून १४ जिल्ह्यांसाठी होता, आणि माणशी महिना १५० रुपये असा आरंभीचा दर होता. तेही त्याच खात्यात येतात. बँकेच्या यंत्राने या सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, एकाखाली एक छापलेल्या असतात. शहरातून आलेला अभ्यासक त्या स्तंभाची बेरीज करतो आणि तिला ‘डोल’ म्हणतो.

परंतु या नोंदींचे नाते वेगवेगळे आहे. रोजगार हमीचा पैसा ही मजुरी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेली, तिचा कायदा १९७७मध्ये झाला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागण्याचा हक्क आणि केलेल्या कामाचा दाम, हेच तिचे सूत्र. वर सांगितलेल्या दुष्काळ संहितेच्या भाषेतसुद्धा ती कामाच्या बाजूला येते, ‘डोल’च्या बाजूला येत नाही. पीक विम्यात शेतकऱ्याचा हप्ता असतो. २०२३च्या खरिपापासून काही हंगाम तो एक रुपया होता आणि उरलेला भार राज्याने उचलला होता, तरी विम्याची भरपाई ही कराराप्रमाणे येणारी रक्कम आहे, आणि तिला ‘डोल’ म्हणणे म्हणजे १९१९च्या ब्रिटिश वर्तमानपत्रांची चूक पुन्हा करणे होय. शिधापत्रिकेवरचे धान्य २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली हक्काने मिळते, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत झाले म्हणून हक्क संपला असे होत नाही. दिवाळीला रेशन दुकानात मिळालेला ‘आनंदाचा शिधा’ तर लोकांनी १०० रुपये मोजून घेतला होता. अतिवृष्टीचे अनुदान ही नुकसानीच्या प्रमाणात, पंचनाम्यावरून मिळणारी मदत आहे. राहता राहिले पीएम किसान आणि त्यासारखे हप्ते. त्यांत ना काम आहे, ना शेतकऱ्याने भरलेला विम्यासारखा हप्ता, ना नुकसानीची अट. लेखकाला ‘डोल’ म्हणायचेच असेल तर इंग्रजीच्या नियमाने ते तेथे बसते. सरकारने मात्र त्याचे नाव ‘सन्मान निधी’ ठेवले आहे, म्हणजे एकाच रकमेकडे दोन टोकांकडून पाहिले जात आहे. अनुवादकाने दोन्हींच्या मधला ‘थेट रोख साहाय्य’ हा शब्द घ्यावा.

मी हे इतके ताणून का सांगतो आहे, ते लक्षात यावे म्हणून एक प्रसंग नोंदवतो. केळापूर तालुक्यातील एका गावात अशाच एका अहवालाचा अनुवाद वाचला जात होता. तो माझा नव्हता, मी केवळ बसलो होतो. वाचणाऱ्या मुलाने ‘शासकीय भिक्षेवर अवलंबित्व’ असे शब्द उच्चारले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, कोशात पहिला अर्थ तो होता. मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘‘भीक देल्ली काय आमाले? मस्टरवर सही केली, माती खंदली, तवा पैसे भेटले.’’ त्यानंतर अहवालातील पाण्याचे, शाळेचे, बचतगटांचे मुद्दे कोणी ऐकले नाहीत. चर्चा त्या एका शब्दावर सुरू झाली आणि त्यावरच संपली. अहवालात त्या गावासाठी बऱ्याच उपयोगी सूचना होत्या.

त्या मुलाने ‘भिक्षा’ म्हटले होते आणि बाईंनी ‘भीक’ ऐकले. हे दोन शब्द एकाच मुळाचे असले तरी आज ते एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. भिक्षेला मान आहे: बटूची भिक्षा, संन्याशाची भिक्षा, बौद्ध भिक्खूंचा भिक्षापात्र घेऊन फिरण्याचा नेम. इंग्रजीत यासाठी ‘आम्स’ हा शब्द आहे, आणि धर्माशी संबंधित संदर्भात ‘आम्स’ आले तरच ‘भिक्षा’ किंवा ‘दानधर्म’ योग्य ठरतो. (‘आम्स’मधला शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही, करुणा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून झिजत आलेले ते रूप आहे, आणि इंग्रज लोकच आता त्याला अनेकवचन समजून वापरतात.) सरकारी योजनेला ‘भिक्षा’ म्हटले की मान उरत नाही, नुसती भीक उरते.

‘दान’ या शब्दाबद्दलही आपण विचारले आहे. मी तो सरकारी पैशासाठी वापरत नाही. दान देणाऱ्याच्या पुण्याशी बांधलेले असते, बौद्ध समाजात तर दान ही पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा सद्गुण, आहे, आणि सरकारला पुण्य लागत नाही. आपल्या भागात या शब्दाला आणखी एक वळण मिळालेले आहे. पवनारच्या विनोबांनी भूदानाचा अर्थ लावताना शंकराचार्यांचे ‘दानं संविभागः’ हे वचन पुढे केले, म्हणजे दान म्हणजे सम्यक वाटणी. आणि जमीन मागताना मला घरातला सहावा मुलगा समजून माझा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी असे. ‘डोल’चा सर्वांत जुना अर्थ ‘वाटा’ हाच होता, हे पाहून मला गंमत वाटते. दुसऱ्या बाजूला वरोऱ्याला आनंदवन उभे करणाऱ्या बाबा आमट्यांचा विचार होता की, दान माणसाला मोडते आणि काम त्याला उभे करते. वर्धा आणि चंद्रपूर हे शेजारशेजारचे जिल्हे, आणि ‘दान’ या एका शब्दाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी. आपले श्रोते यांतली कोणती मनात धरून बसले आहेत हे सांगता येत नाही, म्हणून अहवालात हा शब्द नको.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: आपत्तीतील ‘कॅश डोल’ म्हणजे रोख मदत, ब्रिटनचा ‘द डोल’ म्हणजे बेकारभत्ता, आणि ‘डोलवर विसंबणे’ हे वाक्य, त्यात काय काय मोजले आहे ते कळेपर्यंत, अनुवाद करण्याजोगे नाही.

येथे उलट बाजूचा इशारा देणेही आवश्यक आहे, कारण वरचे वाचून एखादा अनुवादक सगळीकडे ‘मदत’ आणि ‘साहाय्य’ लिहीत सुटेल. लेखकाला टीकाच करायची असेल तर ती मराठीतही टीकाच राहिली पाहिजे. तिची धार बोथट करणे हे आपले काम नाही, आणि गावातील लोकांना आपल्याबद्दल काय लिहिले गेले आहे हे कळण्याचा अधिकार आहे. आपले तिसरे वाक्य या प्रकारचे आहे. निवडणुकीच्या तोंडावर योजना ‘डोल आउट’ केल्या, असे म्हणणारा लेखक कारभाराचे वर्णन करत नसून टोमणा मारत आहे. या टोमण्यासाठी मराठीत अगदी तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘खैरात’. अरबीत ‘खैर’ म्हणजे भले, आणि ‘खैरात’ हे त्याचे अनेकवचन. म्हणजे सत्कृत्ये, दानधर्म. मराठीत येऊन तो शब्द आता बहुतांशी उपहासानेच वापरला जातो: सवलतींची खैरात, आश्वासनांची खैरात, गुणांची खैरात. ‘डोल आउट’प्रमाणेच तो पैशापलीकडच्या गोष्टींनाही लागतो, हे विशेष. वर्तमानपत्रे ज्या अर्थाने ‘फ्रीबी’ आणि ‘सॉप’ हे शब्द वापरतात, तेथेही संदर्भ पाहून ‘खैरात’, ‘फुकटच्या योजना’ किंवा ‘प्रलोभन’ चालते. ‘रेवडी’ हा शब्द २०२२पासून राजकीय भाषणांतून फार फिरू लागला, परंतु तो एका वादातील एका बाजूचा शब्द झाला आहे. मूळ इंग्रजीत तोच नसेल तर अनुवादात आणू नये. ‘हँडआउट’ म्हणजे हाताने दिलेले वाटप. सभेत वाटलेला छापील कागदही ‘हँडआउट’च असतो, तेव्हा ‘प्रशिक्षणात हँडआउट दिले’ या वाक्याचे ‘प्रशिक्षणात मदत वाटली’ असे करून बसू नये.

‘खैरात’ शब्द घेतल्यास तो कोणाच्या तोंडचा आहे हे वाक्यात स्पष्ट दिसले पाहिजे. ‘निवडणुकीपूर्वी योजनांची खैरात झाली’ असे लिहिले की ते संस्थेचे मत वाटते. ‘अहवालाच्या लेखकाच्या मते, निवडणुकीच्या तोंडावर सरकारने योजनांची खैरात केली’ असे लिहिले की मत ज्याचे त्याच्याकडे राहते. आपल्या अहवालात हे वाक्य बहुधा २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी सुरू झालेल्या, महिलांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेला उद्देशून असेल. तसे असेल तर ग्रामसभेत बसलेल्या अर्ध्या बाया त्या योजनेच्या लाभार्थी असणार, हे ध्यानात घेऊन योजनेचे नाव लेखकाने लिहिले असेल तरच लिहावे. त्याने लिहिले नसेल तर आपण अंदाजाने जोडू नये.

आता आपल्याला काम पुढे न्यायचे आहे, म्हणून माझे मसुदे देतो. पहिले वाक्य: ‘पूरग्रस्त कुटुंबांना संस्थेमार्फत (किंवा शासनामार्फत) तातडीची रोख मदत देण्यात आली.’ तिसरे वर आलेच आहे. दुसऱ्यासाठी दोन मसुदे हाताशी ठेवावेत. लेखकाने फक्त थेट हप्ते मोजले असतील तर: ‘या भागातील शेतकरी कुटुंबांचा घरखर्च वाढत्या प्रमाणात सरकारकडून मिळणाऱ्या थेट रोख साहाय्यावर चालू लागला आहे, असे लेखकाचे निरीक्षण आहे.’ त्याने मजुरी, विमा, धान्य, अनुदान असे सगळेच एकत्र मोजले असेल तर: ‘मजुरी, पीक विमा, शिधा, नुकसानीचे अनुदान आणि थेट रोख साहाय्य या सर्वांना लेखकाने एकत्र धरले असून, शेतकरी कुटुंबे त्यावर विसंबून राहू लागली आहेत असे त्याचे मत आहे.’ हे वाक्य लांब आहे आणि मूळ इंग्रजी आखूड आहे, याची मला जाणीव आहे. तरीही ग्रामसभेपुढे ते लांबच वाचावे, कारण त्यातली कोणती गोष्ट आपण ‘विसंबणे’ मानतो आणि कोणती नाही, हे लोकांना तेथल्या तेथे सांगता येईल.

यातला कोणता मसुदा खरा, हे कळण्यासाठी लेखकाला पत्र लिहावे आणि त्यात एकच प्रश्न विचारावा: ‘डोल’मध्ये आपण रोजगार हमीची मजुरी आणि पीक विमा धरले आहेत का? एवढ्या नेमक्या प्रश्नाला अभ्यासक बहुधा उत्तर देतात, आणि पुष्कळदा मूळ इंग्रजी वाक्यच दुरुस्त करून पाठवतात. उत्तर येण्याआधी ग्रामसभेची तारीख आली, तर दुसरा मसुदा वाचावा आणि लेखकाकडे विचारणा केली असल्याचे सभेच्या इतिवृत्तात ग्रामसेवकांकडून नोंदवून घ्यावे.